अणुभट्टीपासून रुग्णाच्या शिरेपर्यंत : परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची वाटचाल

वारणेच्या खोऱ्यातल्या, पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीच्या माणसाला मोठ्या आजाराची वाट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. गावात मिशनचा दवाखाना. तिथे उतार पडला नाही, तर डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभे केलेले मिरजेचे रुग्णालय. आणि मिरजेहून चिठ्ठी मिळाली, तर मुंबई. मुंबईत गाठायचे ठिकाण बहुतेक वेळा परळचे टाटा हॉस्पिटल असे. त्याच आवारात १९६३ पासून एक संस्था शांतपणे काम करत आहे. तिच्यामुळे भारतात न्यूक्लिअर मेडिसिन ही किरणोत्सारी द्रव्यांनी निदान आणि उपचार करणारी वैद्यकशाखा रुजली आणि त्या शाखेचे काम प्रत्यक्ष हातांनी करणारा तंत्रज्ञ घडला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या या रेडिएशन मेडिसिन सेंटरने आता साठी ओलांडली आहे. ही त्याच्या वाटचालीची नोंद.

केंद्राची पायाभरणी परळच्या आधी ट्रॉम्बेला झाली होती. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने जानेवारी १९५४ मध्ये ट्रॉम्बेची अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक कार्यान्वित झाली आणि १९६० मध्ये तिच्या शेजारी ‘सायरस’ उभी राहिली. या भट्ट्यांमधून किरणोत्सारी समस्थानिके, म्हणजेच आयसोटोप, देशातच तयार होऊ लागली. औषध म्हणून वापरले जाणारे आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. परदेशातून विमानाने मागवले, तर वाटेत आणि कस्टममध्येच त्यातले बरेच सरून जाई. ते आता मुंबईच्या वेशीवर तयार होणार होते.

दुसरा योग टाटा रुग्णालयाच्या वाटेने जुळून आला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलेले हे कॅन्सर रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. एकाच खात्याच्या छत्राखाली एका टोकाला अणुभट्टी होती आणि दुसऱ्या टोकाला रुग्णांनी भरलेले रुग्णालय. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणून १९६३ मध्ये केंद्र उभे राहिले. जेरबाई वाडिया मार्गावरच्या टाटा रुग्णालयाच्या अ‍ॅनेक्स इमारतीचा पत्ता आज देशभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर असतो. दिल्लीत संरक्षण संशोधन विभागाची ‘इन्मास’ ही संस्था याच सुमारास आकाराला आली होती. या दोन संस्थांनी देशाला ही शाखा शिकवली.

सुरुवातीचा काळ साधनांच्या तुटवड्याचा होता. जगातही हे शास्त्र तरुणच होते. अमेरिकेत डॉ. सॉल हर्ट्झ यांनी थायरॉईडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन प्रथम दिले ते १९४१ मध्ये, आणि हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेरा पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जन्मला. परळला पहिल्या वर्षांत भिस्त होती ती थायरॉईडवर धरायच्या मोजणी-नळीवर आणि रेषा-रेषेने सरकणाऱ्या स्कॅनरवर. हा स्कॅनर शेत नांगरावे तसा रुग्णाच्या अंगावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई, तसूभर पुढे सरके आणि परत येई. एक अवयव टिपायला रुग्णाला बराच वेळ हालचाल न करता पडून राहावे लागे. मध्येच तो खोकला, कुशीवर वळला, तर चित्र वाया जाई. यंत्रासमोर बसलेल्या माणसाची खरी कसोटी रुग्णाला धीर देण्यात होती.

या पहिल्या पिढीत तंत्रज्ञ असे वेगळे पद जवळजवळ नव्हतेच. डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि इलेक्ट्रॉनिक्सची माणसे एकाच खोलीत काम करत आणि जो मोकळा असेल तो काउंटर लावी. डॉ. आर. डी. गणात्रा हे या पिढीतले ठळक नाव. पुढे व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत न्यूक्लिअर मेडिसिन विभागाचे काम पाहताना त्यांनी विकसनशील देशांत ही शाखा कशी चालवावी यावर ग्रंथ संपादित केला. महागडी यंत्रे, वीज जाणे, दमट हवा, औषधाची अनिश्चित आवक ही तिसऱ्या जगातल्या विभागांची दुखणी त्यांनी परळलाच पाहिली होती. १९६७ मध्ये सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन ही भारतीय संघटना स्थापन झाली आणि या मूठभर लोकांना एकमेकांचे अनुभव ऐकण्याचे व्यासपीठ मिळाले. त्याच वर्षी जानेवारीत ट्रॉम्बेच्या संस्थेला डॉ. भाभांचे नाव दिले गेले. केंद्र ज्यांच्या दूरदृष्टीतून उभे राहिले, ते भाभा १९६६ च्या विमान अपघातात गेले होते.

सत्तरीच्या दशकाने केंद्राला शाळेचे रूप दिले. १९७३ मध्ये डॉक्टरांसाठी रेडिएशन मेडिसिनचा पदविका अभ्यासक्रम, म्हणजे डी.आर.एम., सुरू झाला. पुढे देशात जिथे जिथे न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग उघडला, तिथे परळहून शिकून गेलेला कुणीतरी असे. पण डॉक्टर एकटा विभाग चालवू शकत नाही, हेही याच काळात स्पष्ट झाले. विज्ञानाच्या पदवीधरांसाठी वैद्यकीय आयसोटोप तंत्राचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आला. त्याला डी.एम.आर.आय.टी. म्हणतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र शिकलेला मुलगा किंवा मुलगी इथे रुग्णाच्या खाटेपर्यंत येते. केंद्राने देशाला दिलेल्या गोष्टींमध्ये हा अभ्यासक्रम सर्वांत मोलाचा मानावा लागेल. यंत्रे विकत घेता येतात, डोस मोजणारा विश्वासू हात मात्र घडवावाच लागतो.

तो हात काय करत असे, हे समजण्यासाठी टेक्निशियमची सकाळ पाहिली पाहिजे. टेक्निशियम-९९एम हा या शाखेचा कणा. हाडे, मूत्रपिंड, हृदय, यकृत, थायरॉईड अशा बहुतेक तपासण्या त्याच्यावर चालतात. त्याचे अर्धायुष्य फक्त सहा तास. सकाळी आठला १०० मिलिक्युरी हाती आले, तर दुपारी दोनला ५० उरतात आणि रात्री आठला २५. म्हणून ते साठवता येत नाही. ६६ तासांचे अर्धायुष्य असलेल्या मॉलिब्डेनम-९९ पासून ते रोज काढावे लागते. परदेशी रुग्णालयांत यासाठी स्तंभाचे तयार जनरेटर असत. मिठाचे पाणी सोडले की टेक्निशियम खाली उतरे. आपल्याकडे साधे मॉलिब्डेनम अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवून मिळणारा माल कमी तीव्रतेचा असल्याने तो त्या छोट्या स्तंभात मावत नसे. म्हणून भारतीय विभागांनी अनेक दशके दुसरी वाट धरली. अल्कधर्मी द्रावणातल्या मॉलिब्डेनमवर मिथाइल इथाइल किटोन हे द्रावक ओतायचे, शिशाच्या आडोशामागे दोन्ही घुसळायचे, थर वेगळे होऊ द्यायचे, टेक्निशियम घेऊन वर आलेले द्रावक अलगद काढून उडवून टाकायचे आणि तळाशी राहिलेले सलाइनमध्ये विरघळवायचे. मग निर्जंतुकीकरण. मग तपासणी : एका मिलिक्युरी टेक्निशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीहून अधिक मॉलिब्डेनम उतरलेले चालत नाही.

पहिला रुग्ण टेबलावर येण्याच्या कितीतरी आधी हे सगळे व्हायचे. तंत्रज्ञ पहाटेची लोकल पकडून येई, बिल्ला लावी, हातमोजे चढवी आणि किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याच्या खोलीत, हॉट लॅबमध्ये, शिरे. एखाद्या दिवशी माल कमी उतरला, तर बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांपैकी कुणाला आधी घ्यायचे आणि कुणाला उद्या बोलवायचे, हा हिशेबही त्यालाच मांडावा लागे. कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे सोपे नसते. या सकाळींची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही, पण या संस्थेचा इतिहास प्रामुख्याने याच सकाळींचा आहे.

याच सुमारास केंद्राच्या प्रयोगशाळेत रेडिओइम्युनोअसे हे रक्तातील हार्मोन मोजण्याचे तंत्र रुजले. रोझलिन यालो यांना ज्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले, ते हे तंत्र. इथे रुग्णाच्या अंगात किरणोत्सारी काहीच जात नाही. त्याच्या रक्ताच्या नमुन्यावर परीक्षानळीत काम होते. थायरॉईडच्या हार्मोनच्या चाचण्या आज गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतात. त्यांचा भारतातला पाया ज्या थोड्या ठिकाणी घातला गेला, त्यांत परळचे स्थान वरचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही केंद्राला आग्नेय आशियासाठीचे प्रादेशिक संदर्भ केंद्र म्हणून मान्यता दिली.

अडचणी थांबल्या नव्हत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर भारताच्या अणुकार्यक्रमावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि स्वावलंबन ही गरज बनली. ऑगस्ट १९८५ मध्ये ‘ध्रुव’ ही मोठी संशोधन भट्टी आली आणि १९८९ मध्ये आयसोटोपचे उत्पादन व पुरवठा पाहणारे ‘ब्रिट’ हे मंडळ वेगळे झाले. त्याच्या वाशीच्या संकुलातून औषधे आणि टेक्निशियमची किट देशभर जाऊ लागली. सायरस १९९७ पासून दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद राहिली आणि २०१० च्या अखेरीस कायमची थांबली. तो भार ध्रुवने पेलला. २००९ मध्ये कॅनडाची चॉक रिव्हर येथील जुनी भट्टी बंद पडली आणि जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली. श्रीमंत देशांतही तेव्हा तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या. रुग्णालयाच्या कॅमेऱ्याची दोरी कुठल्या तरी अणुभट्टीला बांधलेली असते, हे त्या वर्षी साऱ्या जगाने पाहिले. परळच्या लोकांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

मुंबईची हवाही आपला वाटा वसूल करी. गॅमा कॅमेऱ्याच्या पोटात सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो. ओलावा त्याला सोसत नाही आणि तापमान झपाट्याने बदलले, तर तो तडकतो. म्हणून कॅमेऱ्याच्या खोलीतले वातानुकूलन रात्री, सुट्टीत, कधीच बंद करता येत नाही. पावसाळ्यात हिंदमातेजवळ पाणी तुंबले की परळ भोवतालापासून तुटते. गाडी रस्त्यात अडकते, पण औषधाचे अर्धायुष्य काही थांबत नाही.

केंद्राची सर्वांत जुनी आणि सर्वांत घट्ट ओळख थायरॉईडची आहे. थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्यावर उरलेल्या पेशी आयोडीन-१३१ ने नष्ट करतात. शरीरात आयोडीन खेचणारी पेशी जवळजवळ फक्त थायरॉईडची असल्याने औषध नेमके तिथेच पोचते. उपचाराच्या आधी काही आठवडे आयोडीनयुक्त मीठ बंद असते. मग रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवून औषध पाजतात. मोठ्या डोसनंतर रुग्ण स्वतःच काही दिवस किरणोत्सर्गाचा स्रोत असतो. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच बोलावे लागते. मलमूत्र थेट गटारात न जाता साठवण टाक्यांत राहते. ऐंशी दिवसांत आयोडीन हजारांश भागावर येते.

गावाकडच्या रुग्णासाठी हा एकांत आजाराइतकाच अवघड. आपल्याला वाळीत टाकले, असे त्याला वाटू शकते. ‘‘मावशी, पाणी भरपूर प्या, दोनदा फ्लश करा आणि घरी गेल्यावर थोडे दिवस नातवंडांना मांडीवर घेऊ नका. मग काही भीती नाही,’’ हे तंत्रज्ञालाच समजावून सांगावे लागते. कधी मराठीत, कधी हिंदीत, कधी मोडक्या बंगालीत. रोज किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटर घेऊन तोच खोलीच्या दाराशी उभा राहतो, आकडा लिहितो आणि आकडा पुरेसा उतरला की घरी जाण्याची मोकळीक मिळते. ठरलेल्या कामाच्या यादीत धीर देणे लिहिलेले नसते. या विभागातले जुने लोक मात्र नव्या विद्यार्थ्याला आधी तेच शिकवतात आणि योग्यच करतात.

नव्या शतकाच्या उंबरठ्यावर केंद्राने मोठी झेप घेतली. २००२ मध्ये परळला १६.५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर कार्यान्वित झाले. दोन्ही भारतातले पहिले. कॅन्सरची पेशी साखर अधाशीपणे खाते. साखरेच्या रेणूला सायक्लोट्रॉनमध्ये तयार झालेले फ्लोरिन-१८ जोडून दिले की ती पेशी पेटच्या चित्रात उजळते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे आहे. सकाळी सहाचे १० मिलिक्युरी सातच्या पन्नासाव्या मिनिटाला ५ होतात आणि पावणेदहापर्यंत त्याचाही निम्मा भाग गेलेला असतो. सायक्लोट्रॉनचा माणूस, रसायनाचा माणूस, गुणवत्ता तपासणारा, डोस भरणारा आणि रुग्णाची साखर मोजून त्याला शांत खोलीत बसवणारा, या सर्वांचे घड्याळ एक झाले पाहिजे. २००४ च्या अखेरीस टाटा रुग्णालयात देशातले पहिले पेट-सीटी यंत्र आले. आज जिल्ह्याच्या ठिकाणी पेट स्कॅनच्या पाट्या दिसतात, त्यांच्या मागे ही दोन वर्षे आहेत.

त्यानंतरचा टप्पा ल्युटेशियम-१७७ चा. काही दुर्मीळ न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर विशिष्ट ग्राहक असतात. त्यांना चिकटणाऱ्या छोट्या प्रथिन-साखळीला ल्युटेशियम जोडून शिरेतून दिले, की किरणोत्सर्ग गाठीच्या दाराशीच पोचतो. हे ल्युटेशियम ध्रुव भट्टीत तयार होऊ लागले आणि परदेशात अतिशय महाग असलेला उपचार सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आला. परळच्या केंद्राने असे उपचार मोठ्या संख्येने केले आणि त्यांचे निष्कर्ष जगासमोर मांडले. औषध देताना मूत्रपिंडे वाचवण्यासाठी अमिनो आम्लांची सलाइन तासन्‌तास चालते. त्या वेळी रुग्णाजवळ परिचारिका आणि तंत्रज्ञ असतात, शिशाचा पडदा मध्ये ठेवून. डॉ. ए. एम. सॅम्युअल, डॉ. एम. जी. आर. राजन, डॉ. संदीप बसू या प्रमुखांनी आपापल्या काळात केंद्राची धुरा वाहिली. ट्रॉम्बेच्या आयसोटोप विभागातले रसायनशास्त्रज्ञ, वाहनचालक, विद्युत विभागाचे कर्मचारी आणि सफाई कामगार यांचा वाटाही तितकाच मोठा आहे. एखाद्या सांडलेल्या थेंबावर मीटर वाजले, तर खोली पुन्हा स्वच्छ होईपर्यंत तेही थांबतात.

या साठ वर्षांत कामाची शिस्तही कायद्यात उतरली. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. किरणोत्सारात काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. छातीवरचा, अंगावर पडलेला किरणोत्सर्ग नोंदवणारा टीएलडी बिल्ला ठरावीक काळाने तपासायला जातो. कमी वेळ, जास्त अंतर आणि मध्ये आडोसा ही तीन सूत्रे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात पाठ करतो आणि पुढे त्याच्या हाताला ती सवयीची होतात. पात्र तंत्रज्ञ असल्याशिवाय न्यूक्लिअर मेडिसिनच्या विभागाला परवानगी मिळत नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्याने न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञाला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून स्थान दिले. ही दाद उशिरा मिळाली, पण मिळाली.

२०२० च्या टाळेबंदीत विमाने थांबली आणि बाहेरून येणाऱ्या जनरेटरचा पुरवठा जगभर विस्कळीत झाला. रेल्वेही थांबल्या होत्या. मुंबईबाहेरच्या रुग्णांचे हाल झाले. देशात तयार होणाऱ्या आयसोटोपचे मोल त्या महिन्यांत पुन्हा पटले.

केंद्राचे अभ्यासक्रम आता होमी भाभा राष्ट्रीय संस्था या २००५ मध्ये स्थापन झालेल्या अभिमत विद्यापीठाशी जोडलेले आहेत आणि तंत्रज्ञांसाठी याच विद्यापीठाच्या एम.एस्सी.चीही सोय झाली आहे. कोडोलीच्या मुलामुलींना ही वाट दूरची नाही. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले आणि या भागात विज्ञानाचे शिक्षण सुलभ झाले. हाकेच्या अंतरावर वारणानगरचे महाविद्यालय आहे. तिथून भौतिक किंवा रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्याला परळच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरता येतो. पुढे अनुभव घेऊन किरण-सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा दिली, की विभागाच्या सुरक्षेची जबाबदारीही त्याच्याकडे येऊ शकते. नव्या विभागांना ही माणसे हवी आहेत.

रुग्णांचा ओघ आजही सुरूच आहे. कोल्हापूरच्या बाजूचा रुग्ण रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला बसतो, सकाळी दादरला उतरतो, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत खोली मिळते का ते पाहतो आणि परळला येतो. ल्युटेशियमच्या रुग्णाला दोन-तीन महिन्यांच्या अंतराने असे अनेकदा यावे लागते. त्याची पुढची तारीख ध्रुव भट्टीचे वेळापत्रक, औषधाची तुकडी आणि त्याच्या रक्ताचे अहवाल ताडून ठरते. ती नोंदवहीत लिहून घेताना सोबतच्या नातेवाइकाला पुन्हा एकदा सांगितले जाते : येताना मागचे सगळे कागद आणि नवा क्रिएटिनीनचा रिपोर्ट आणायचा.